‘आधी डिपॉझिट भरा’ : त्या रात्री तुमच्या वडिलांचा हक्क कुठे होता?

भांडुपच्या एका तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. वडील ५९ वर्षांचे, एका सोसायटीत वॉचमन. रात्री साडेअकराच्या सुमारास छातीत कळ आली, अंगाला दरदरून घाम फुटला. घरापासून दहा मिनिटांवर एका ट्रस्टचं मोठं रुग्णालय आहे, तिथे नेलं. काउंटरवर सांगितलं, ‘आधी पन्नास हजार डिपॉझिट भरा, मग आत घेऊ.’ खिशात सात हजार होते. अर्धा तास फोनाफोनीत गेला, शेवटी रिक्षा करून महापालिकेच्या रुग्णालयात पोचले आणि तिथे जीव वाचला. आता तो विचारतोय: ‘आरोग्यसेवा हा मानवी हक्क आहे असं म्हणतात, मग त्या रात्री तो कुठे होता? आणि आपल्यासारख्या विकसनशील देशाला असला हक्क परवडतो तरी का?’

मी महापालिकेच्या एका मोठ्या रुग्णालयात २७ वर्षं मेडिकल सोशल वर्कर होते. आमच्या टेबलाशी माणूस येतो तो हातात डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन. मोडलेल्या हाडात बसवायची सळई बाहेरून आणायची आहे, पैसे नाहीत. इंजेक्शन बाहेरून आणायचं आहे, पैसे नाहीत. डिस्चार्ज झालाय, घरी न्यायला कुणी नाही. मी वकील नाही, पण या विषयातले निवाडे मला गरजेपोटी पाठ करावे लागले, कारण समोरच्या रुग्णालयाशी फोनवर बोलताना ‘जरा बघा ना’ म्हटलं की फोन ठेवला जायचा, आणि निवाड्याचं वर्ष सांगितलं की ‘होल्ड करा’ असं उत्तर यायचं.

आधी सरळ उत्तर देते. त्या रात्री तुमच्या वडिलांचा हक्क होता. काउंटरवर बसलेल्या माणसाला तो पाळायला कुणी शिकवलं नव्हतं, आणि तुम्हाला तो कुणी सांगितला नव्हता.

१९८९ चा परमानंद कटारा खटला बघा. स्कूटरवरून जाणाऱ्या एका माणसाला गाडीने उडवलं. जवळच्या रुग्णालयाने ‘आम्ही पोलीस केस घेत नाही’ म्हणून वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयाचा रस्ता दाखवला, आणि तो माणूस वाटेतच गेला. वर्तमानपत्रातली ती बातमी घेऊन मानवी हक्कांचे कार्यकर्ते कटारा सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने सांगितलं, डॉक्टर सरकारी असो की खाजगी, समोर आलेला जीव वाचवणं हे त्याचं पहिलं काम. पोलीस, पंचनामा, कागद हे सगळं नंतर. हा निवाडा घटनेच्या कलम २१ वर, म्हणजे जगण्याच्या हक्कावर उभा आहे.

दुसरी गोष्ट खास आपल्या महाराष्ट्राची, आणि तुमच्या बाबतीत जास्त कामाची. मुंबईतली अनेक नावाजलेली रुग्णालयं सार्वजनिक न्यास म्हणून, म्हणजे धर्मादाय म्हणून नोंदलेली आहेत. या नोंदणीमुळे त्यांना सवलती मिळतात. त्या बदल्यात सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ४१ एए खाली त्यांच्यावर जबाबदारी आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये त्यासाठी एक योजनाच घालून दिली. दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत. आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात. एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’ म्हणून बाजूला ठेवायची आणि त्यातून निर्धनांची औषधं, इम्प्लांट वगैरेंचा खर्च भागवायचा. आणि तुमच्या प्रश्नाचा नेमका मुद्दा म्हणजे, तातडीचा रुग्ण आला तर धर्मादाय रुग्णालयाने डिपॉझिट न मागता त्याला दाखल करून घ्यायचं, जीव धोक्याबाहेर येईपर्यंत उपचार करायचे, आणि मग गरज असेल तर सरकारी रुग्णालयात पोचवायची व्यवस्था करायची.

म्हणजे त्या रात्री तुमच्या वडिलांना आत घेऊन ईसीजी काढायला हवा होता. त्याला पाच मिनिटं लागतात. ॲस्पिरिनच्या गोळीला काही पैसे पडतात. मॉनिटर लावून, काय आढळलं आणि काय दिलं ते लिहून, ॲम्ब्युलन्समधून पाठवलं असतं तर मी त्या रुग्णालयाबद्दल एक शब्द वाईट बोलले नसते. पन्नास हजारांची मागणी ही अडचण नव्हती, नियमभंग होता. घरात बोलताना तुम्ही ‘आमच्याकडे पैसे नव्हते म्हणून घेतलं नाही’ असं म्हणत असाल तर ते वाक्य बदला. तुमच्या वडिलांच्या मनात आपण गरीब असल्याची शरम बसली असेल, ती त्यांची नव्हे.

आता या योजनेची दुसरी बाजू, कारण नुसती योजना सांगून मी तुमची दिशाभूल करणार नाही. निर्धन असल्याचा पुरावा लागतो: पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. नालासोपाऱ्याच्या एक बाई मला अजून दिसतात. घरकाम करायच्या, नवऱ्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. आमच्याकडे न्यूरोसर्जरीला जागा होईना, म्हणून एका धर्मादाय रुग्णालयात चॅरिटी बेडसाठी मी पत्र दिलं. तिथे दाखला मागितला. दाखल्यासाठी तहसील कचेरीत गेल्या तर तलाठ्याचा अहवाल आणा म्हणाले. तलाठी सजात नव्हता. लाईट बिल घरमालकाच्या नावावर, भाड्याचा करार अकरा महिन्यांचा आणि संपलेला. दाखला हातात आला तेव्हा घरी तेराव्याची तयारी चालू होती. त्या बाई तो दाखला प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी करून मला परत द्यायला आल्या. ‘मॅडम, तुम्हीच ठेवा, दुसऱ्या कुणाला उपयोगी पडला तर.’ दुसऱ्याच्या नावाचा दाखला कुणाला उपयोगी पडत नाही, हे त्यांना सांगायचा धीर मला झाला नाही.

खरं तर त्या बाईंना तेव्हा मी चुकीचा सल्ला दिला होता. तातडीच्या रुग्णाला कागद नंतर देता येतात, आधी दाखल करून घेणं बंधनकारक आहे, हे मी त्या रुग्णालयाला लेखी कळवायला हवं होतं. मी बाईंना कचेरीत पाठवलं. तेव्हा योजना नवीन होती, पण हे कारण मला स्वतःलाही पुरत नाही. त्यानंतर मी एक सवय लावून घेतली: कागद आणायला रुग्णाच्या माणसाला पळवायच्या आधी तो कागद आत्ता लागतो का, आणि लागतो असं कुठे लिहिलंय, हे विचारायचं. हा प्रश्न तुम्हीही विचारा. दहापैकी निम्म्या वेळा समोरचा माणूस ‘साहेबांना विचारून सांगतो’ म्हणून आत जातो आणि बाहेर येऊन फॉर्म देतो.

राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतही असंच आहे. ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात मुंबईही होती. आता ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू आहे, वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे उपचार. अँजिओप्लास्टी तिच्यात बसते. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं, टेबल असतं, आणि तातडीच्या वेळी आधी फोनवरून कळवून उपचार सुरू करायची सोय आहे, रेशनकार्ड मागाहून दिलं तरी चालतं. पण सगळी रुग्णालयं योजनेत नाहीत, आणि जी आहेत त्यांतली काही ‘या आजाराला नाही’ असं तोंडी सांगून वाटेला लावतात. वडिलांना पुढे अँजिओप्लास्टी सांगितली असेल तर आजच, काही होण्याच्या आधी, जवळचं कुठलं रुग्णालय योजनेत आहे ते शोधून ठेवा.

दुसरं वाक्य मुंबईकराच्या कानाला सवयीचं झालेलं: ‘बेड नाही.’ यावरचा निवाडा १९९६ चा. हकीम शेख नावाचा शेतमजूर ८ जुलै १९९२ ला पश्चिम बंगालात मथुरापूर स्टेशनवर गाडीतून पडला, डोक्याला मार लागला. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून कोलकात्याच्या मोठमोठ्या सरकारी रुग्णालयांपर्यंत त्याला नेलं, कुठे सोय नाही, कुठे खाट नाही. शेवटी खाजगी रुग्णालयात सुमारे सतरा हजार खर्चून तो वाचला. त्याची शेतमजूर संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने पंचवीस हजार भरपाई द्यायला लावली आणि सांगितलं की, सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणं हा कलम २१ चा भंग आहे, पैसे नाहीत म्हणून सरकारला यातून सुटता येणार नाही. एका शेतमजुरामुळे तुमच्या-माझ्या पदरात हा हक्क पडला, म्हणून मी त्याचं नाव आवर्जून घेते. नाहीतर निवाडे वकिलांच्या नावांनी लक्षात राहतात.

केईएम, सायन, नायर, कूपर इथे काम केलेला कुणीही सांगेल, महापालिकेच्या कॅज्युअल्टीतून ‘पैसे नाहीत’ म्हणून सहसा कुणी परत जात नाही. खाट नसली तर खाली गादी टाकतात. दोन खाटांच्या मधल्या फटीत, बाथरूमच्या दाराशी, कधी जिन्याखाली. सलाईनची बाटली नातेवाईक हातात धरून उभा. आमच्या वॉर्डातल्या एक मावशी दर रात्री फरशीवरच्या पेशंटच्या डोक्याशी पुठ्ठा उभा करायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय लागू नये म्हणून. मोठमोठ्या खोक्यांचे पुठ्ठे त्या दिवसभर जमवून ठेवायच्या. हक्काची चर्चा होते तेव्हा मला तो पुठ्ठा आठवतो. आत घेतलं म्हणजे अर्धं काम झालं, उरलेलं अर्धं म्हणजे माणसासारखं ठेवणं, आणि ते मावशींच्या भल्या स्वभावावर सोडलेलं आहे.

एका कागदाबद्दल सावध करते, कारण इथे शिकले-सवरलेलेही फसतात. रुग्णालयातली माणसं त्याला ‘डामा’ म्हणतात, म्हणजे डॉक्टरांचा सल्ला डावलून पेशंटला नेणं. खाजगी रुग्णालयात पैसे संपले की कधीकधी सौम्य आवाजात सांगतात, ‘तुम्हाला झेपणार नाही, सरकारीत न्या, इथे सही करा.’ सही केली की कागदावर उरतं ते एवढंच, की नातेवाईकांनी स्वतःच्या जबाबदारीवर पेशंट हलवला. रुग्णालयाने काढून दिलं, ही गोष्ट पुसली जाते. सही करायची वेळ आली तर तिच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहा: ‘पैसे भरता येत नसल्याने हलवण्यास सांगितले, म्हणून नेत आहोत’, खाली वेळ घाला. मराठीत लिहिलं तरी चालतं. आणि उपचारांचे कागद मागा. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. बिलासाठी पेशंटला अडकवून ठेवणं बेकायदेशीर आहे, हे मुंबई उच्च न्यायालयानेही सांगितलं आहे. बिल वसूल करायला दिवाणी मार्ग आहे, माणूस तारण ठेवता येत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, परवडण्याचा. हा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण रुग्णांचे नातेवाईकसुद्धा हळू आवाजात असंच म्हणतात: ‘एवढी लोकसंख्या, सरकार तरी कुणाकुणाला पुरणार?’

कायद्याची स्थिती आधी सांगते. आपल्या घटनेत ‘आरोग्याचा हक्क’ असं वेगळं कलम नाही. कलम ४७ मध्ये लोकांचं आरोग्य सुधारणं हे राज्याचं कर्तव्य म्हटलंय, पण ते मार्गदर्शक तत्त्वांत आहे, म्हणजे त्यासाठी थेट न्यायालयात जाता येत नाही. न्यायालयांनी आरोग्याचा हक्क कलम २१ मधून ओढून बाहेर काढला, आणि म्हणून तो तातडीच्या प्रसंगात जोरकस आणि रोजच्या दुखण्यात पातळ आहे. १९७९ मध्ये भारताने आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला. त्याचं कलम १२ आरोग्याच्या शक्य तितक्या उच्च पातळीचा हक्क मान्य करतं. करार लिहिणाऱ्यांनाही गरीब देश दिसत होते, म्हणून त्यात ‘उपलब्ध साधनांनुसार, टप्प्याटप्प्याने’ असं आहे. याचा सोयीस्कर अर्थ ‘जमेल तेव्हा’ असा लावला जातो. पण या करारावर देखरेख ठेवणाऱ्या समितीने २००० मध्ये स्पष्ट केलं की काही गोष्टींना टप्पे नसतात. भेदभाव न करणं, आवश्यक औषधं देणं, सेवा सगळीकडे सारख्या वाटणं, ही किमान बंधनं आहेत आणि ती आजपासून लागू. काउंटरवरच्या माणसाने आधी पेशंटकडे बघायचं की पाकिटाकडे, याला कुठलाच टप्पा लागत नाही.

आणि ‘परवडत नाही’ हे वाक्य उच्चारताना आपण एक गोष्ट विसरतो, की खर्च आजही होतोच आहे. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के लोकांनी थेट खिशातून केला. सरकारचा खर्च होता देशाच्या सकल उत्पादनाच्या (जीडीपीच्या) १.८४ टक्के. म्हणजे देश पैसे घालतोच, फक्त ते घरातून निघतात, आजारपणाच्या सगळ्यात वाईट क्षणी. आमच्या टेबलासमोर बसलेल्या बाईच्या गळ्याकडे बघून मला कळायचं ती कुठल्या टप्प्यावर आली आहे. आधी मंगळसूत्र असायचं. दहा-बारा दिवसांनी काळ्या दोऱ्यात ओवलेल्या दोन वाट्या. मग नुसता दोरा. पुढच्या वेळी ती एकटीच यायची, कारण नवऱ्याचा भाऊ गावाकडे जमिनीचं बघायला गेलेला असायचा. हा खर्च परवडतो का, असं कुणी विचारत नाही.

१९४६ मध्ये देशाच्या आरोग्यसेवेची आखणी करणाऱ्या भोर समितीने लिहून ठेवलं की पैसे देता येत नाहीत म्हणून कुणीही पुरेशा वैद्यकीय सेवेवाचून राहू नये. तेव्हाचा देश आजच्यापेक्षा कितीतरी गरीब. थायलंड काही श्रीमंत देश नव्हता, पण २००२ मध्ये त्यांनी सगळ्या नागरिकांना आरोग्यसेवेचं छत्र दिलं, दर भेटीला तीस बात (तिथलं चलन) एवढ्यावर. आपल्याकडे २०१५ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाच्या मसुद्यात आरोग्यहक्काचा कायदा करावा असं होतं, २०१७ च्या अंतिम धोरणातून ते गळलं, आणि २०२५ पर्यंत सरकारी खर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर नेऊ असं उद्दिष्ट राहिलं. राजस्थानने २०२३ मध्ये कायदा केला, देशातला पहिला. तिथल्या खाजगी डॉक्टरांनी मोठं आंदोलन केलं. त्यांची एक शंका मला रास्त वाटते: तातडीच्या रुग्णाला फुकट बघा म्हणता, तर त्याचे पैसे सरकार आम्हाला कधी देणार? ट्रस्टचं मोठं रुग्णालय सवलती घेतं, त्याने कुरकुर करू नये. पण गल्लीतल्या दहा खाटांच्या नर्सिंग होमवर हक्काचा सगळा भार टाकून सरकारने हात झटकायचे, याला मी हक्क म्हणणार नाही. कर्तव्य आधी सरकारचं, मग बाकीच्यांचं. मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटींचं होतं. त्यातला आरोग्याचा वाटा साधारण दहा टक्के. या शहराला तरी ‘परवडत नाही’ हे शोभत नाही.

तरीही टंचाई खरी आहे, ती मी नाकारत नाही. डायलिसिसचं उदाहरण घ्या. मशिनं मोजकी, आठवड्याला दोन-तीन वेळा येणारे रुग्ण बेसुमार. १९९७ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयासमोर असाच खटला आला. त्यांच्या घटनेत तर ‘तातडीचे उपचार कुणालाही नाकारता येणार नाहीत’ असं लिहिलेलं. डर्बनचे थियागराज सुब्रमणी यांचं मूत्रपिंड निकामी झालेलं, सरकारी रुग्णालय डायलिसिस देईना. न्यायालयाने त्यांच्या विरोधात निकाल दिला: जन्मभर चालणारा उपचार म्हणजे तातडीचा उपचार नव्हे, आणि मशिनं कमी असतील तर कुणाला द्यायची याचे नियम रुग्णालयाने प्रामाणिकपणे पाळले असतील तर आम्ही ढवळाढवळ करणार नाही. निकालानंतर काही दिवसांतच ते गेले. हा निकाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा संतापले. नंतर, आमच्याकडच्या डायलिसिसच्या यादीकडे रोज बघताना, त्यातला ‘प्रामाणिकपणे’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटायला लागला.

कारण आपल्याकडे यादी असते आणि यादीच्या बाजूला चिठ्ठी असते. नगरसेवकाची, आमदाराची, मंत्रालयातल्या कुणाची. मुंबईत माणूस आजारी पडला की घरातलं पहिलं वाक्य असतं, ‘तिथे कुणाची ओळख आहे का?’ एमआरआयची तारीख दोन महिन्यांनंतरची मिळते, चिठ्ठी आली की परवाची होते, आणि त्या परवाच्या माणसामुळे कुणाची तारीख पुढे ढकलली गेली ते त्या दुसऱ्या माणसाला कधीच कळत नाही. मीसुद्धा चिठ्ठ्या वापरल्या आहेत, माझ्या रुग्णांसाठी. ज्याची कुणाची ओळख नाही त्याची ओळख व्हायचं, हेच माझं काम झालं होतं. त्या वेळी त्यात मला चांगुलपणा वाटायचा. आज वाटतं, मी ज्याच्यासाठी फोन केला तो सुटला, आणि माझ्या टेबलापर्यंत न पोचलेला माणूस आणखी मागे गेला. पुअर बॉक्स फंडातून, म्हणजे गरीब रुग्णांसाठीच्या निधीतून, मदत मिळाली की लोक पाया पडायला वाकायचे. मी हात धरून उठवायचे, पण दर वेळी मनात यायचं, हे पैसे देणगीदारांनी याच्यासाठीच दिलेले आहेत, हा माणूस माझ्या पाया का पडतोय? ज्या दिवशी ओळखीवाचून, पाया न पडता, नंबर आला की उपचार होतील, त्या दिवशी हक्क आला असं मी म्हणेन. मशिनं तेवढीच असली तरी.

औषधांच्या बाबतीत एक गोष्ट सांगते, कारण ती मुंबईकर बाईने करून दाखवलेली आहे. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर बेडाक्विलिन नावाची गोळी आहे, इंजेक्शनांची गरज कमी करणारी. जुन्या इंजेक्शनांनी अनेकांची श्रवणशक्ती जायची. मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन यांची तशीच गेली. त्यांनी आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांनी मिळून बेडाक्विलिनच्या पेटंटची मुदत वाढवायला आपल्या पेटंट कार्यालयात हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये कंपनीचा अर्ज फेटाळला गेला, आणि त्यामुळे जुलैमध्ये मूळ पेटंट संपल्यावर दुसऱ्या कंपन्यांना हे औषध बनवायला वाट मोकळी झाली. क्षयरोगाच्या वॉर्डात ऐकू न येणारी कॉलेजची पोरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे किती मोठं काम आहे ते कळेल. मी पाहिली आहेत. त्यांच्याशी पाटीवर लिहून बोलायचे.

आता तुम्ही काय करायचं ते सांगते, कारण वडील घरी आले आहेत आणि सगळं विसरून जावंसं वाटत असेल.

त्या रात्रीचा घटनाक्रम आजच कागदावर लिहून काढा. घरून किती वाजता निघालात, काउंटरवर किती वाजता पोचलात, कोण काय म्हणालं, तिथून किती वाजता निघालात. फोनमधला कॉल लॉग, रिक्षाचं ॲपवरून पेमेंट केलं असेल तर त्याची वेळ, महापालिकेच्या केसपेपरवर दाखल झाल्याची वेळ, हे तिन्ही एकमेकांना जुळतील. डिस्चार्ज कार्डवर हृदयविकाराच्या झटक्याचं निदान असेलच. म्हणजे रुग्ण तातडीचा होता हे सिद्ध झालं.

तक्रार दोन ठिकाणी करा. पहिली वरळीला, धर्मादाय आयुक्तांकडे, २००६ च्या योजनेचा उल्लेख करून: तातडीच्या रुग्णाकडे डिपॉझिट मागितलं, प्राथमिक उपचार दिले नाहीत. दुसरी महापालिकेच्या एस वॉर्ड कार्यालयातल्या वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांकडे, कारण नर्सिंग होमची नोंदणी तिथे होते. जानेवारी २०२१ मध्ये सुधारलेल्या नियमांप्रमाणे प्रत्येक खाजगी रुग्णालयाने रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायला हवी. जाऊन बघा लावली आहे का, फोटो काढा. मेडिकल कौन्सिलकडे जायचा सल्ला मी देणार नाही. त्या रात्री कुठल्या डॉक्टरने वडिलांना तपासलंच नाही, आणि काउंटरवरच्या माणसावर कौन्सिलचा अधिकार चालत नाही. ग्राहक आयोगाचा रस्ता बंद नाही. कोलकात्यात बसने धडक दिलेल्या एका विद्यार्थ्याचे उपचार पंधरा हजार न भरल्याने थांबवले गेले आणि तो गेला, त्यात २००५ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने दहा लाखांची भरपाई द्यायला लावली होती. पण तो रस्ता लांबचा आहे, वकिलाशी बोलूनच त्यावर पाऊल टाका.

महिनाभर उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा: माझ्या तक्रारीवर कोणती कारवाई झाली, आणि त्या रुग्णालयात त्या महिन्यात किती निर्धन रुग्ण दाखल झाले. हा दुसरा प्रश्न तुमच्यासाठी नाही, पण विचारा. उत्तरातला आकडा लहान असेल तर तो कुठल्या तरी संघटनेच्या, कुठल्या तरी वार्ताहराच्या उपयोगी पडेल.

आणि अर्ज घेऊन जाल तेव्हा दोन प्रती न्या. आवक-जावक टेबलावरचा माणूस एक ठेवून घेईल आणि ‘या आता’ म्हणेल. दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून उठू नका.